पोस्ट करणारा, जाहिरात चालवणारा की फोटो काढणारा? गावातल्या धंद्याला आधी कोण लागतं

मागच्या आठवड्यात वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरकडचे एक हळदवाले भाऊ आमच्या तेलघाण्यावर आले होते. हळद त्यांच्या स्वतःच्या वावरातली. घरीच उकळतात, वाळवतात, दळून पाकिटं भरतात. दोन जण त्यांना मार्केटिंगचं काम करून देतो म्हणत होते. एक हिंगणघाटचा पोरगा, महिन्याच्या ठरावीक पैशात रोज एक पोस्ट आणि आठवड्याला एक रील देणारा. दुसरा पुण्यातला, फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिराती चालवणारा. भाऊंनी विचारलं, "ताई, दोघातला कोन घेऊ?"

मी त्यांना उलट विचारलं, "तुमचं गिऱ्हाईक सध्या कुठं सुटून राह्यलं?"

त्यावर आमचं तासभर बोलणं झालं. घाण्यावर येणारे बरेच जण हेच विचारतात: पापडवाल्या ताया, मधवाले, नर्सरीवाले. म्हणून ते बोलणं इथे मांडते आहे. आमच्या घाण्यासाठी मी यातली बहुतेक प्रकारची माणसं कामाला लावून पाहिली आहेत, काही वेळा पैसेही पाण्यात गेले आहेत.

माणूस निवडण्याआधी एक संध्याकाळ मोबाईल घेऊन बसा आणि व्हॉट्सॲपवरची शेवटची पन्नास बोलणी वाचा. किती जणांनी फक्त भाव विचारला, किती जणांनी माल घेतला, त्यातले किती पुन्हा आले, हे वहीत लिहा. विचारणाराच कोणी नसेल तर तुमचं नाव पोचलेलं नाही. विचारतात आणि गप्प होतात, तर फोटोत, पाकिटात, भावात किंवा उत्तर द्यायला लागलेल्या वेळात काहीतरी अडलं आहे. एकदा घेऊन परत येत नाहीत, तर आधी माल आणि पॅकिंग तपासा. तिथे मार्केटिंगवाला काही करू शकणार नाही. हळदवाल्या भाऊंचं दुखणं यातल्या दुसऱ्या प्रकारचं निघालं. विचारणारे भरपूर होते, पण फोटो पाहिला की पलीकडून निरोप बंद. फोटो होता ट्यूबलाइटखाली, वर्तमानपत्रावर ठेवलेल्या पारदर्शक पिशवीचा.

रोज पोस्ट देणारा आणि जाहिरात चालवणारा

या दोघांना लोक एकच समजतात, पण त्यांची कामं अगदी वेगळी आहेत. पोस्ट करणारा तुमच्या ओळखीच्या लोकांसमोर तुम्हाला ताजं ठेवतो. तुमच्या पेजवर जे आधीच आहेत, मुख्यतः त्यांनाच ते दिसतं. जाहिरातवाला पैसे भरून अनोळखी माणसांपर्यंत पोचवतो आणि गाव, वय, आवड निवडून कुणाला दाखवायचं ते ठरवतो.

पोस्टवाल्याचं काम डोळ्यांना दिसतं, म्हणून पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पोळ्याच्या शुभेच्छा, संक्रांतीच्या शुभेच्छा, खाली तुमचा लोगो. अशा पोस्टवर शंभर हात जोडलेले येतात आणि एक किलोही माल जात नाही. मात्र तोच पोरगा गावात येऊन, घाणा फिरताना, ढेप निघताना, तेल कापडातून गळताना शूट करत असेल आणि मागून आपल्याच वऱ्हाडी बोलीत कोणी सांगत असेल, तर त्याची किंमत मोठी आहे. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली आपल्याकडची माणसं ती बोली ऐकून थांबतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून पोस्टवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: महिन्यातून किती वेळा गावात येशील? 'फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, मी डिझाइन करतो' असं म्हणाला तर तेवढं काम घरातली कॉलेजची मुलगीही करू शकते.

जाहिरातवाल्याचा हिशेब मात्र आधी कागदावर करा. त्याचे पैसे वेगळे आणि फेसबुक-गूगलला भरायचे वेगळे, वरून त्यावर १८ टक्के जीएसटी. समजा तो महिन्याला ८,००० घेतो आणि जाहिरातीत ६,००० टाकायला सांगतो. जीएसटीचे १,०८० धरून झाले १५,०८०. तेलाच्या एका लिटरमागे सगळा खर्च जाऊन तुमचे ६० रुपये सुटत असतील, तर नुसता हा खर्च भरून काढायला २५२ लिटर तेल जास्तीचं विकावं लागेल. तेवढं तेल महिन्यात काढायची तुमच्या घाण्याची ताकद आहे का? लाइटच्या वेळा पाहून सांगा. ताकद नसेल तर जाहिरातवाला कितीही हुशार असो, यंदा तो तुमच्या कामाचा नाही.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवा. तेल, हळद, तिखट ही पुन्हा पुन्हा लागणारी वस्तू आहे. पहिल्या खेपेला तोट्यात मिळालेलं गिऱ्हाईक वर्षभर टिकलं तर तीच जाहिरात स्वस्त पडते. म्हणून दहा दिवसांत निकाल मागू नका, तीन महिने द्या. ज्याचा माल एकदाच विकला जातो, त्याला मात्र ही सवलत नाही.

आणखी एक गोष्ट फार मनापासून सांगते. जाहिरात सुरू झाली की फोन वाजायला लागतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही जाहिरात लावली आणि दिवसभर वावरात राहिलो. संध्याकाळी एका माणसाचा निरोप होता, "तुमची जाहिरात पाह्यली, तीनदा फोन केला, कोनी उचललाच नाही." त्या माणसाला आमच्यापर्यंत आणायला आम्ही पैसे भरले होते. फोन उचलायला घरात कोणी ठरलेलं नसेल तोवर जाहिरातवाल्याला होकार देऊ नका.

एकदाच पैसे, वर्षभर काम

माझं मत विचाराल तर गावातल्या बहुतेक धंद्यांचा पहिला पैसा महिनेवारीच्या माणसावर जाऊ नये. तो फोटोवाल्यावर आणि पाकिटाचं डिझाइन करणाऱ्यावर जावा. दोघांचं काम एकदाच असतं आणि त्यावरच पुढचं सगळं उभं राहतं. जाहिरातवालाही शेवटी हेच फोटो मागतो.

फोटोवाला लग्नाचा असला तरी चालतो, पण त्याला वस्तूचे फोटो काढता येतात का ते जुन्या कामावरून पाहा. एका दिवसाच्या कामात पाकिटाचे फोटो, कच्च्या मालाचे, काम करणाऱ्या हातांचे आणि दोन-तीन छोटे व्हिडिओ एवढं घ्या. मूळ फाइली पेन ड्राइव्हवर मागून घ्या.

डिझाइनवाला निवडताना मी जरा कडक आहे. सुंदर रंग सगळेच देतात. खाण्याच्या वस्तूच्या पाकिटावर काय छापावं लागतं हे ज्याला माहीत आहे, तो खरा कामाचा: एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगची तारीख, बॅच क्रमांक, तक्रारीसाठी पत्ता आणि फोन. यातलं काही राहिलं तर छापलेली हजार पाकिटं रद्दीत जातात.

मजकुराचंही तसंच. 'आमच्या जवसाच्या तेलाने हृदयविकार बरा', 'आमच्या हळदीने कॅन्सर पळतो' असं लिहून देणारे आहेत. असले दावे कायद्यात बसत नाहीत. औषधं आणि जादूच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४चा कायदा आहे, शिवाय अन्नपदार्थांच्या दाव्यांचे २०१८चे नियम आहेत. लिहिणारा पैसे घेऊन मोकळा होतो, नोटीस पाकिटावर ज्याचं नाव आहे त्याला येते. हळदवाल्या भाऊंना एक गोष्ट वेगळी सांगितली. त्यांच्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या नावाची सरकारी नोंद आहे, भिवापूरच्या मिरचीला आणि नागपूरच्या संत्र्यालाही आहे. पण समुद्रपूर तालुक्यातली हळद आहे एवढ्यावर पाकिटावर ते मानांकन छापता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असावी लागते. ती नोंद करून घेणं हेच त्यांच्यासाठी सहा महिन्यांच्या पोस्टपेक्षा मोठं मार्केटिंग आहे.

बचत गट किंवा शेतकरी कंपनी असाल तर २०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेबद्दल तालुका कृषी कार्यालयात विचारा, ती सध्या सुरू आहे का हेही विचारा. त्यात गटांच्या ब्रँडिंग आणि विक्रीसाठी ५० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद ठेवलेली आहे. एकेकट्या उद्योगाला यंत्रासाठी ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान आहे, तेही बँकेच्या कर्जाला जोडून. वर्धेत मगनवाडीला महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. तिथे एक चक्कर मारून यायला काही लागत नाही.

बाकीचे

रीलवर नाव असलेली स्थानिक पोरं, म्हणजे इन्फ्लुएन्सर. फॉलोअर किती यापेक्षा त्यांच्या व्हिडिओखाली बोलणारे लोक कुठले आहेत ते पाहा. नागपूर, अमरावती, यवतमाळची माणसं भाव विचारत असतील तर ठीक. सगळं हिंदीत, परराज्यातून 'मस्त मस्त' येत असेल तर सोडून द्या. पैसे किंवा फुकट माल देऊन व्हिडिओ करून घेतला असेल तर ती जाहिरात आहे हे त्यात स्पष्ट सांगावं लागतं. पोरगा नको म्हणाला तरी तुम्ही आग्रह धरा.

ऑनलाइन बाजारावर तुमचा माल चढवून देणारे वेगळे असतात. कामाचे आहेत, पण महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी लागते. घरपोच पैसे देण्याच्या पद्धतीत परत आलेल्या पार्सलचं दुहेरी भाडं कोण सोसणार, हेही आधी विचारा. काचेच्या बाटलीतल्या तेलाला मी हा मार्ग सुचवणार नाही. हळदीला जमेल.

तासावर पैसे घेणारा सल्लागार उलाढाल वाढून घरचे हात अपुरे पडायला लागल्यावर घ्यावा, त्याआधी नको. 'एक लाख नंबरांवर व्हॉट्सॲप मेसेज पाठवून देतो' म्हणणारा मात्र कधीच नको. विकत घेतलेल्या नंबरांवर मेसेज गेले की तक्रारी होतात आणि तुमचाच नंबर बंद पडतो. व्हॉट्सॲप बिझनेसच्या एका ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. गावच्या धंद्याला एवढे २५६ खरे लोक पुष्कळ झाले.

ज्यांचं गिऱ्हाईक वीस किलोमीटरच्या आतलंच आहे, म्हणजे नर्सरी, रसवंती, शेती अवजारांची दुरुस्ती, त्यांनी यातलं काहीच घेतलं नाही तरी चालेल. आठवडी बाजाराच्या दिवशी परवानगी घेऊन ऑटोवर भोंगा फिरवा आणि गूगल नकाशावर आपलं ठिकाण नोंदवा. ती नोंद फुकट असते. कोणी करून दिली तर त्याला दोन तासांची मजुरी द्या, वर्षाचं पॅकेज घेऊ नका.

तालुक्याचा की शहराचा

पुण्याचा माणूस जाहिरातीचं तंत्र बहुधा जास्त जाणतो. पण आपल्याकडे पैसा सोयाबीन-कापूस विकल्यावर येतो, वर्षाचं तिखट-हळद उन्हाळ्यात भरतात, लग्नसराईत तेल जास्त जातं, हे त्याला माहीत नसतं. तालुक्याच्या पोराला ते सांगावं लागत नाही. म्हणून माझी वाटणी अशी: शूटिंग आणि बोली तालुक्याच्या माणसाकडे, जाहिरातीचं तंत्र शहराच्या माणसाकडे. दोन्ही एकाकडेच द्यायचं असेल तर तालुक्याचा घ्या आणि त्याला शिकायला वेळ द्या.

घरचा भाचा-पुतण्या करून देतो म्हणाला तर त्यालाही पैसे द्या, थोडे का होईना. फुकटच्या कामाला तारीख विचारता येत नाही.

चाव्या आपल्या खिशात

आमचं पहिलं पेज एका ओळखीच्या मुलाने त्याच्याच खात्यावरून काढलं होतं. दोन वर्षं छान चाललं. मग त्याला नोकरी लागली, तो बाहेरगावी गेला, त्याचा मोबाईल हरवला, खातं बंद झालं आणि आमच्या गिऱ्हाइकांनी लिहिलेले सगळे अभिप्राय त्यासोबत गेले. मुलगा भला होता, चूक आमची होती. कितीतरी आजीबाईंनी नातवांकडून लिहून घेतलेले ते अभिप्राय होते, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून कुणालाही काम देताना पेज, इन्स्टाग्राम, गूगल नकाशावरची नोंद, वेबसाइटचं नाव आणि जाहिरातीचं खातं आमच्या नंबरवर आणि ईमेलवरच काढतो. काम करणाऱ्याला त्यात फक्त कामापुरता प्रवेश देतो. जाहिरातीचे पैसेही आमच्याच कार्डावरून कापले जातात, म्हणजे किती गेले ते आम्हाला रोज दिसतं. जो माणूस 'खातं माझंच वापरू, सोपं पडतं' म्हणतो, त्याचं काम कितीही चांगलं असो, मी त्याला घेत नाही.

हळदवाल्या भाऊंनी पुण्याच्या माणसाला मार्चमध्ये फोन करतो म्हणून कळवलं. हळद वर्षातून एकदाच निघते. काढणी, उकळणी, अंगणभर पसरलेली पिवळी हळकुंडं, हे फोटो नंतर कितीही पैसे टाकले तरी मिळत नाहीत. म्हणून त्यांनी हिंगणघाटच्या पोराला विचारलं की महिनेवारी राहू दे, दोन दिवस वावरात येशील का? पोरगा तयार झाला. एवढंच म्हणाला, "काका, कढई कधी चढवता ते फक्त तीन दिवस आधी सांगा."