टास्क: वेब बिल्डसाठी हलका रनर, पण ‘जनरेट्स’ची ओळ गाळू नका

लहान-मध्यम वेब प्रोजेक्टचं बिल्ड, म्हणजे मूळ कोडपासून वापरायच्या फाइल्स तयार करणं, चालवायला ‘टास्क’ हे टूल पुरेसं आहे. गो भाषेत लिहिलेली एकच बायनरी, तिला चालायला नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) लागत नाही. प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरमध्ये टास्कफाइल ठेवायची, वर व्हर्जन ‘३’ लिहायचं आणि खाली एकेक काम मांडायचं. एवढ्यापुरतं तर एनपीएम या नोडच्या पॅकेज मॅनेजरच्या स्क्रिप्ट्सनीही भागतं.

टास्क घ्यावं ते ‘सोर्सेस’ (कामाला लागणाऱ्या फाइल्स) आणि ‘जनरेट्स’ (कामातून तयार होणाऱ्या फाइल्स) या दोन याद्यांसाठी. सोर्सेसमध्ये सासच्या (ज्यातून सीएसएस तयार होते त्या) फाइल्सचा पॅटर्न दिला की टास्क त्यांचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, ‘डॉट टास्क’ फोल्डरमध्ये जपून ठेवतं (हे फोल्डर गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, टाकाच) आणि पुढच्या वेळी मजकूर तोच असेल तर काम वगळतं. ‘मेक’ हे जुनं बिल्ड टूल मात्र फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ बघतं. त्यामुळे गिटमध्ये नुसती ब्रांच बदलून परत आलं तरी मधे हललेल्या फाइल्स ते पुन्हा बांधतं. टास्क मजकूर बघतं, म्हणून ती खेप वाचते.

फसगतही इथेच होते. जनरेट्स न लिहिता सोर्सेस तेवढे दिले आणि नंतर डिस्ट (तयार आउटपुटचं) फोल्डर पुसलं, तर टास्क शांतपणे ‘अप टू डेट’ म्हणतं आणि डिस्ट रिकामंच राहतं. दुसरं म्हणजे चेकसममध्ये कमांड धरलेली नसते. कमांडमधला मिनिफायचा (कोड आकुंचित करण्याचा) फ्लॅग बदलला तरी जुनंच आउटपुट राहतं. टास्कफाइललाच सोर्सेसमध्ये घातलं की हा प्रश्न मिटतो. तात्पुरतं निभवायचं असेल तर काम सक्तीने पुन्हा चालवणारा फोर्स फ्लॅग आहे.

डिपेंडन्सी (प्रोजेक्टला लागणारी बाहेरची पॅकेजेस) बसवण्याच्या कामासाठी सोर्सेसमध्ये त्यांच्या नेमक्या व्हर्जन्स नोंदवणारी पॅकेज-लॉक फाइल द्या, कमांड त्यानुसार पॅकेजेस बसवणारी एनपीएम सीआय, आणि जनरेट्समध्ये ती जिथे बसतात त्या नोड मॉड्यूल्स फोल्डरच्या आतली लपलेली ‘डॉट पॅकेज-लॉक’ फाइल. एनपीएम ७ पासून ही फाइल आपोआप तयार होते. नोड मॉड्यूल्सचा अख्खा पॅटर्न तिथे दिलात, तर हजारो फाइल्स चाळण्यातच वेळ जाईल.

एखाद्या कामाआधी व्हायची कामं ‘डेप्स’ या यादीत लिहितात, आणि ती एकाच वेळी सुटतात. ‘क्लीन’ आणि ‘सीएसएस’ दोन्ही तिथे टाकले, तर क्लीन नुकतीच तयार झालेली सीएसएस पुसू शकतं, आणि तेही कधी घडतं, कधी नाही. क्रम हवा असेल तर ती कामं कमांडच्या यादीत एकाखाली एक बोलवा. त्या यादीतली प्रत्येक ओळ स्वतंत्र चालते, म्हणून एका ओळीत सीडी करून फोल्डर बदललेलं पुढच्या ओळीला माहीत नसतं. त्यासाठी काम कुठल्या फोल्डरमध्ये चालवायचं ते ‘डिर’मध्ये लिहा.

एनपीएमवरून येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी ‘कमांड सापडली नाही’ असा एरर हमखास दिसेल. ‘एनपीएम रन’ ही कमांड नोड मॉड्यूल्समधलं बिन फोल्डर पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) घालते, टास्क घालत नाही. कमांडच्या आधी एनपीएक्स लावा, ते तिथली कमांड शोधून चालवतं. टास्कफाइल ज्यात लिहितात त्या यामल फॉरमॅटचे हट्टही आहेतच. टॅब चालत नाही, आणि दुहेरी महिरपी कंसाने सुरू होणारी किंमत अवतरणात लिहावीच लागते.

विंडोजवर मात्र हे एनपीएम स्क्रिप्ट्सपेक्षा उजवं आहे. टास्कचा शेल (कमांड चालवणारा भाग) त्याच्या आतच असल्यामुळे कमांडच्या आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लिहिलेली ओळ तिथेही जशीच्या तशी चालते.