'होम स्टुडिओ फुल सेटअप'च्या नावाखाली भाच्याला ४६ हजाराला गंडवलं, पोरांनो घेण्याआधी हे वाचा

नांदेड, परभणी, हिंगोली, जालना, कुठंही जा, आता गावागावात पोरं घरीच बीट बनवायलेत. जयंतीची गाणी, हळदीची गाणी, गणपतीचे डीजे रिमिक्स, सगळं एका लॅपटॉपवर. हुशार लेकरं आहेत, कुणी शिकवलं नाही तरी व्हिडिओ बघून शिकलेत. आणि याच लेकरांना गाठून कचरा विकणारे बसलेत म्हणून हे सगळं लिहायलोय. लांबलंय, पण पूर्ण वाचा.

भाच्यानं जाहिरात बघितली. आय सेव्हन दहाव्या पिढीचा लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा), कंडेन्सर माइक, मिडी कीबोर्ड (लॅपटॉपला जोडून वाजवायच्या पट्ट्या), हेडफोन आणि वरून सॉफ्टवेअर 'लाइफटाइम फुल व्हर्जन', सगळं मिळून ४६ हजार. बहिणीनं सोयाबीनच्या पैशातून दिले, चौदा एप्रिलच्या आधी गाणं काढायचं होतं त्याला. दुकान संभाजीनगरला. नाव लिहीत नाही कारण केस चालू आहे. मी सोबत गेलो होतो. तिथं टेबलावर स्कार्लेट टू आय टू नावाचा लाल इंटरफेस लावलेला, की दाबली की आवाज लगेच, माइक एकदम स्वच्छ, पोरगं खूश, मोबाइलवर व्हिडिओ पण काढला त्यानं. मग दुकानदार म्हणाला, "डेमो पीस दहा लोकांनी हाताळलेला असतो भाऊ, तुम्हाला फ्रेश सील पॅक देतो" आणि आतून टेप मारलेली खोकी आणून दिली. लॅपटॉप पण खोक्यातलाच. खरी चलाखी इथंच आहे, दाखवायचं एक आणि बांधून द्यायचं दुसरंच.

घरी खोकं फोडलं तर आत ते मोबाइलवर लाइव्ह करणारे वापरतात ना, टाळ्यांचा आणि हसण्याचा आवाज काढायची बटणं असलेलं, तसलं साउंड कार्ड. मागं एक्सएलआरचं (माइकच्या तीन पिनांच्या वायरचं) सॉकेट आणि त्याच्यावर '४८ व्होल्ट' असं स्टिकर, म्हणजे कंडेन्सर माइकला लागणारी वीज, तिला फँटम म्हणतात. माइक लावला तर मागं सारखा सूंऽऽ आवाज आणि बोलणं कुठंतरी खोल विहिरीतून आल्यावानी. गावात टीव्ही दुरुस्तीवाले काका आहेत त्यांच्याकडं नेलं. त्यांनी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावला, काळी पिन एक्सएलआरच्या १ नंबरवर, लाल पिन २ नंबरवर, मग ३ नंबरवर. आकडा पाचाच्या वर जाईना. यूएसबीतून ५ व्होल्ट येतात, तेच तसेच पुढं सोडलेले. खरं फँटम असलं तर दोन्ही ठिकाणी ४८ च्या आसपास दिसतं, चारेक व्होल्ट इकडंतिकडं. काका म्हणाले, "बाळा, हे स्टिकर छापायला रुपया पण लागत नाही."

पण बीट बनवणाऱ्याला माइकपेक्षा जास्त मारते ती लेटन्सी. की दाबल्यावर आवाज उशिरा आला तर ताल धरताच येत नाही, हलगीचा तोडा तर अजिबातच वाजवता येत नाही. चांगल्या इंटरफेसला कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) असतो, त्यात बफर, म्हणजे पुढं सोडायच्या आधी साठवलेला आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा ठेवला तर सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या रेटला तो बफर फक्त ३ मिलीसेकंदाचा होतो, जायचा यायचा सगळा वेळ धरला तरी हाताला जाणवत नाही. या डब्याला ड्रायव्हरच नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं 'यूएसबी ऑडिओ डिव्हाइस' दिसतं, एएसआयओ फोर ऑल नावाचा फुकटचा ड्रायव्हर टाकून बफर कमी केला की करकर सुरू. दुकानात हीच गोष्ट लॅपटॉप उघडून दोन मिनिटात बघता येते, कुणी नाही म्हणालं तर तिथून उठा.

लॅपटॉपवर आय सेव्हनचं चकचकीत स्टिकर. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून परफॉर्मन्समध्ये सीपीयूचं नाव बघितलं तर आय सेव्हन २६२० एम. म्हणजे २०११ चा, दुसऱ्या पिढीचा, दोनच कोर. आय सेव्हननंतर जो नंबर येतो त्याचा सुरुवातीचा आकडा म्हणजे पिढी, २६२० असलं तर दुसरी, १०७५० असलं तर दहावी. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. आजचा साधा आय थ्री पण या जुन्या आय सेव्हनच्या पुढं पळतो, म्हणून नुसतं 'आय सेव्हन आहे' यावर पैसे देऊ नका.

मिडी कीबोर्ड मात्र खरा निघाला, पण नवा म्हणून दिलेला जुना. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला तर आधीच दुसऱ्याच्या नावावर, त्यामुळं सोबत मिळणारं सॉफ्टवेअर गेलं. आणि ते 'लाइफटाइम व्हर्जन' म्हणजे क्रॅक केलेलं, चोरीचं एफएल स्टुडिओ (बीट बनवायचं सॉफ्टवेअर), अँटिव्हायरस बंद करून टाकलेलं. याचा लई राग येतो मला, कारण एफएल स्टुडिओ खरंच विकत घेतलं तर पुढचे अपडेट कायम फुकट असतात, त्याच शब्दाचा यांनी असा धंदा केला. पैसे नसतील तर त्याचं ट्रायल फुकट आहे, फक्त सेव्ह केलेलं प्रोजेक्ट परत उघडता येत नाही. रीपर नावाचं असंच दुसरं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण चालतं. शिकायला एवढं पुरतं.

फोन केला तर आधी "ड्रायव्हर टाक, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे" आणि मी बोललो तर "मामा, माल तपासून नेला ना तुम्ही, कच्च्या बिलावर बदली नसते." बिलावर काय लिहिलंय तर 'कॉम्प्युटर साहित्य १ सेट'. ना जीएसटी नंबर, ना मॉडेल, ना सिरियल. पक्कं बिल मागितल्यावर त्यानं "१८ टक्के जास्त लागतील" म्हणून टाळलं होतं. कुणी असं म्हणालं की समजा, बिल नको म्हणणाऱ्याला पुरावा नकोय. मग भाच्याचा नंबर ब्लॉक.

आम्ही गप बसलो नाही. यूपीआयनं पैसे दिले होते त्याची नोंद निघाली, जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता, आणि पोरानं काढलेल्या त्या व्हिडिओत लाल इंटरफेस आणि दुकानदाराचं बोलणं दोन्ही आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, दुकान कुठंही असू द्या, आणि ५ लाखापर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. वकील पण लागतोच असं नाही. नोटीस पोचल्यावर त्याच दुकानदाराचा फोन आला, १५ हजार देतो, मिटवून टाका. आम्ही नाही म्हणलं. पूर्ण ४६ हजार आणि सामान परत न्यायचा खर्च त्यानंच द्यायचा, बहीण यावर ठाम आहे आणि मी तिच्यासोबत आहे.