माइनक्राफ्ट एज्युकेशन: आठ महिने वर्गात वापरल्यावर

गणिताच्या तासाला माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग बांधायचा संगणकावरचा खेळ आणला तो एकाच धड्यासाठी, घनफळासाठी. सूत्र मुलांना पाठ असतं. पण एक घनमीटर केवढा असतो, हे हाताने दाखवा म्हटलं की प्रत्येकाचा घनमीटर वेगळा निघतो. माइनक्राफ्टमधला साधा ठोकळा एक मीटर बाजूचा घन असतो आणि खेळणारा त्याच्या शेजारी उभा राहू शकतो. मला एवढंच हवं होतं.

सुरुवातीचे तीन आठवडे मात्र वाया गेले. प्रत्येक मुलाला खातं लागतं, कुणी पासवर्ड विसरायचं, संगणकखोलीतलं नेट मध्येच जायचं. त्यात ज्यांना खेळ येत होता ती मुलं सुसाट, बाकीची नुसती बघत बसलेली. मग मी एका संगणकावर दोघं बसवली: एकाकडे माउस, दुसऱ्याकडे वही, दर दहा मिनिटांनी अदलाबदल. वहीत आकडा लिहिल्याशिवाय ठोकळा ठेवायचा नाही. हा नियम आला आणि तास ताळ्यावर आला.

सगळ्यात मोलाचा ठरला तो टाकीचा तास. बाहेरून 10 मीटर लांब, 6 मीटर रुंद, 4 मीटर उंच, वरून उघडी, भिंती आणि तळ एका ठोकळ्याच्या जाडीचे. क्रिएटिव्ह मोडमध्ये ठोकळे संपतच नाहीत, म्हणून मुद्दाम मोजकेच ठोकळे हाताशी असणारा सर्व्हायव्हल मोड ठेवला आणि सांगितलं, किती ठोकळे लागतील ते आधी मागा, तेवढेच मिळतील. बहुतेकांनी पाच बाजूंचं क्षेत्रफळ काढलं: 60, 80 आणि 48, एकूण 188. बांधून झाल्यावर पेटीत 44 ठोकळे उरले.

वर्ग गप्प झाला. कुणीतरी म्हणालं, टाकी कुठेतरी फुटकी असणार. सगळे टाकीभोवती फिरून आले, भोक कुठेच नव्हतं. तेव्हा वर्षभरात क्वचितच तोंड उघडणारी एक मुलगी उठून फळ्यापाशी आली आणि टाकीचा कोपरा काढून म्हणाली, "मॅडम, हा ठोकळा आपण तीनदा मोजलाय." मग मुलांनी चार उभ्या कडांचे 16 आणि तळाच्या कडेचे 28 असे जादा मोजलेले 44 शोधून काढले. बाहेरचं घनफळ 240, आतलं 96, वजाबाकी 144. क्षेत्रफळाला जाडी नसते, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्या दिवशी मला ते सांगावं लागलं नाही.

पाणी भरताना आणखी एक प्रश्न निघाला. खेळात एक बादली ओतली की एक ठोकळाभर जागा भरते, म्हणजे 1000 लिटर! एवढ्या पाण्याचं वजन एक टन, मग बादली उचलणार कोण? खेळातलं जग असं बऱ्याच ठिकाणी खऱ्या जगाशी जुळत नाही. झाडाचं खोड तोडलं तरी शेंडा हवेत तसाच राहतो. वाळू आणि खडी मात्र खाली पडतात. ही चुकीची समज मुलांच्या डोक्यात पक्की होईल, अशी मला धास्ती होती. म्हणून आता दर तासाला शेवटची पाच मिनिटं फक्त "इथे काय खोटं आहे?" या प्रश्नाला देते. मुलं त्याचीच वाट बघतात.

शाळांसाठीच्या या आवृत्तीतल्या दोन सोयींवर माझा तास चालतो. जमिनीत 'डिनाय' ठोकळे पुरले की त्यांच्यावरच्या जागेत विद्यार्थ्यांना काही बांधता किंवा तोडता येत नाही. एका जोडीचं काम दुसऱ्या जोडीने पाडलं आणि रडारड झाली, त्यानंतर मी ते वापरायला लागले. दुसरी सोय कॅमेऱ्याची: मुलं बांधकामाचे फोटो काढून ठेवतात, त्यामुळे वह्या तपासताना बांधकाम समोर असतं.

अपूर्णांकांसाठीही करून पाहिलं. रंगीत ठोकळ्यांच्या भिंती उभारण्यातच तास संपला, तेच काम चौकटीच्या कागदावर दहा मिनिटांत झालं. तो नाद मी सोडला.

एका तासाच्या तयारीला मला दोन तास लागतात, हे घेणाऱ्याने आधीच धरून चालावं. मी पंधरवड्यातून एकच तास घेते आणि तेवढा पुरतो. पुढच्या वेळी तीच टाकी, पण प्रत्येक माप दुप्पट आणि भिंती तेवढ्याच जाडीच्या. पाणी आठपट मावेल, असं सगळ्यांनी आताच ठणकावून सांगितलंय. आतली मापं 18, 10 आणि 7 निघतील, म्हणजे 96 च्या जागी 1260. मी अजून काही बोललेले नाही.