तेरा वर्षांखालील मुलींची बुद्धिबळ स्पर्धा, वडोदरा : आयोजनाविषयी अभिप्राय

मे महिन्याच्या सुट्टीत दांडिया बाजाराजवळच्या एका शाळेच्या सभागृहात झालेल्या या अजिंक्यपद स्पर्धेत माझी भाची खेळली. पुढच्या वर्षी मुलीचे नाव द्यावे का, असे ओळखीच्या दोन-तीन पालकांनी विचारले, म्हणून हा अभिप्राय.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२४ मध्ये इथून जवळच, गांधीनगरला, जागतिक कनिष्ठ मुलींचे अजिंक्यपद मिळवले, हे उद्घाटनाच्या भाषणात इतक्या विस्ताराने सांगण्यात आले की पहिली फेरी पाऊण तास उशिरा सुरू झाली. आत पंखे आणि पाणी यांची सोय चांगली होती. पालकांना मात्र फाटकाबाहेर शेव-उसळीच्या गाडीच्या सावलीत उभे राहावे लागले.

खरी उणीव घड्याळांची. प्रत्येकीला ६० मिनिटे आणि दर चालीला ३० सेकंदांची भर, असे पत्रकात छापले होते. पण शेवटच्या फेरीत भाचीच्या पटावरील घड्याळात ही भर लावलेलीच नव्हती. ३८ चाली झाल्यावर, आपली तीन आणि समोरचीची जेमतेम दीड मिनिटे उरली असताना, हे तिच्या ध्यानात आले. तिने घड्याळ थांबवून हात वर केला. पंच बाईंनी दोघींच्या, चाली लिहिलेल्या नोंदपत्रिका ताडून पाहिल्या आणि कसलाही गोंधळ न होऊ देता दोघींनाही १९-१९ मिनिटे वाढवून दिली. भाचीची पत्रिका मी नंतर पाहिली, तर तिसाव्या चालीपासून वेडेवाकडे झालेले तिचे अक्षर एकोणचाळिसाव्या चालीला पुन्हा सरळ झाले होते.

गंमत अशी, की हा वेळ कामी आला तो समोरचीच्या. भाचीकडे हत्ती आणि एक प्यादे, तिच्याकडे नुसता हत्ती. त्या मुलीने राजा प्याद्याच्या वाटेत बसवला, हत्ती भाचीच्या बाजूने मोजता सहाव्या ओळीत ठेवून तिच्या राजाला पुढे येऊ दिले नाही, आणि प्याद्याने सहाव्या ओळीत पाऊल टाकताच तोच हत्ती थेट पहिल्या ओळीत नेऊन मागून शहांचा सपाटा लावला. अठराव्या शतकातील फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिडोरची ही बचावपद्धती पुस्तकात सोपी दिसते; पटावर ती आठवायला उसंत लागते. डाव बरोबरीत सुटला. भाची दोन दिवस घुश्श्यात होती.

असे पंच असतील तर नाव जरूर द्यावे. मात्र पहिली चाल करून घड्याळ दाबल्याबरोबर ३० सेकंद वाढले का, हे पाहायला मुलीला आधीच सांगून ठेवावे.