गंगापूर रोडवरील मिसळ आणि सकाळचा बास्केटबॉल

अमेरिकेत रात्री होणारे एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात, आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरील हे छोटे मिसळीचे दुकान रविवारी ते मोठ्या पडद्यावर लावत असल्यामुळे डॅलस मॅव्हरिक्स या संघाचे आम्ही चाहते तेथे जमतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमचा स्टार खेळाडू लुका डॉन्चिच याला लेकर्स संघाकडे देऊन अँथनी डेव्हिसला घेण्याचा व्यवहार माझ्या मते अक्षम्य होता. पुढे अवघी १.८ टक्के शक्यता असताना नवे खेळाडू निवडण्याचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत पहिली निवड मिळून कूपर फ्लॅग हा नवोदित खेळाडू हाती आला, तरी त्याचे श्रेय व्यवस्थापनाला देता येत नाही, आणि यावरचा वाद दुसऱ्यांदा रस्सा वाढला तरी मिटत नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा उत्तम आहे. मटकी थोडी कच्ची वाटली. सामना संपेपर्यंत मालक कोणालाही उठवत नाहीत.