हिमालयन की एक्सपल्स: काळ्या मातीतल्या माणसाने जुनी ॲडव्हेंचर गाडी घेताना

भाच्याचा फोन आला तेव्हा मी वावरात हरभऱ्याला पाणी देत होतो. "मामा, दोन गाड्या पाहून ठेवल्या. एक नागपूरची, २०२१ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन. दुसरी वणीची, २०२२ ची हिरोची एक्सपल्स फोर-व्ही, म्हणजे चार व्हॉल्व्हवाली. कोणती घेऊ?" पैसे कापसाचे, दीड लाखाच्या आतले. त्याचं गाव घाटंजी तालुक्यात, फाट्यापासून आत, आणि शेवटचा दीड किलोमीटर पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट. वर्षातून दोनदा मित्रांसोबत लांब जायचं, चिखलदरा, भामरागड, आणि एकदा तरी लडाख.

मी त्याला उलटा प्रश्न विचारला: लडाखला किती दिवस जाशील? पंधरा. मग उरलेले साडेतीनशे दिवस गाडी कुठे चालणार? हा प्रश्न मी मुद्दाम आधी ठेवतो, कारण जुन्या गाडीच्या जाहिरातीत फोटो नेहमी डोंगराचा असतो आणि घेणारा माणूस त्या फोटोवर पैसे देतो. हिमालयन चारशे अकरा (४११ सीसीची) माझ्याकडे तीन वर्षं होती. आता एक्सपल्स आहे. दोन्ही गाड्यांवर माझा जीव आहे.

आधी वजन, कारण पांदणीवर वजन हीच पहिली गोष्ट कळते. बीएस-६ (२०२० पासूनच्या प्रदूषण निकषातली) हिमालयन १९९ किलोची, एक्सपल्स फोर-व्ही १५८ किलोची. फरक ४१ किलो, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या बॅगेला थोडाच कमी. डांबरी रस्त्यावर ही बॅग जाणवत नाही, उलट वारा आणि ट्रकच्या झोताला गाडी स्थिर राहते. पण पावसाळ्यात गाडी चिखलात आडवी झाली आणि जवळपास कोणी नसलं, तर एकट्याने उचलताना ती बॅग पाठीवर येते. सीटची उंची मात्र हिमालयनची कमी, ८०० मिलिमीटर. एक्सपल्सची ८२५. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाने दोन्हींवर बसून, पाय टेकवून, गाडी मागे ढकलून पाहिल्याशिवाय ठरवू नये. एक्सपल्सची प्रो आवृत्ती तर ८९१ मिलिमीटर उंच आहे, ती उंच आणि सरावलेल्या माणसासाठीच.

आता चिखल. यावर बाहेरचे लोक दोन ओळी लिहितात. आपल्याकडे हाच खरा विषय आहे. मुरमाचा चिखल गळून पडतो, काळ्या मातीचा चिकटतो. चाकाला थर चढतो, थरावर थर चढतो आणि मडगार्डखालची जागा भरली की चाक फिरायचं थांबतं. माझ्या एका जुन्या कम्युटर गाडीचं पुढचं चाक असं पोळ्याच्या आदल्या दिवशी गच्च बसलं होतं. तुऱ्हाटी घेऊन अर्धा तास माती खरवडली, वीस पावलं पुढे गेलो आणि पुन्हा तेच. तेव्हापासून मी कोणतीही गाडी पाहताना आधी पुढच्या चाकाच्या वर किती जागा आहे ते पाहतो. एक्सपल्सचं पुढचं मडगार्ड वर, हेडलाइटखाली आहे. चाक आणि मडगार्ड यांच्यात हात सहज फिरतो. हिमालयनला वरची चोच आहे, पण चाकाला लागून खालचं मडगार्डही आहे. काळ्या चिखलात हे खालचं मडगार्ड भरतं. बरेच जण पावसाळ्यात ते काढून ठेवतात. काढलं की काम भागतं, पण मग इंजिनावर आणि तोंडावर माती उडते. पांदणीपुरतं बोलायचं तर एक्सपल्स सरळ पुढे आहे.

दोन्हींचं पुढचं चाक २१ इंची, दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर. सस्पेन्शनचा पल्ला हिमालयनला पुढे २०० आणि मागे १८०, एक्सपल्सला १९० आणि १७०. कागदावर हिमालयन थोडी पुढे, पण वजन कमी असल्याने धुऱ्यावरून, नाल्यातून एक्सपल्स हलकी वाटते.

हायवेवर चित्र उलटतं. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही. म्हणजे आपल्या वाट्याला येतो तो ट्रकांनी भरलेला ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, अमरावती-अकोल्याचा ५३ नंबर, नाहीतर वर्धा-यवतमाळचा ३६१. तिथे एक्सपल्स ८०-८५ ला खुशीत चालते, पण त्या वेगात ओव्हरटेकसाठी हाताशी काही शिल्लक राहत नाही. तिचं इंजिन १९९.६ सीसीचं, टॉर्क, म्हणजे ओढ, १७.३५ न्यूटन मीटर, तोही साडेसहा हजार आरपीएमला. हिमालयनचं ४११ सीसी, ३२ न्यूटन मीटर, आणि ते चार-साडेचार हजारांतच मिळतात. मागे बायको आणि दोन बाजूंना बॅगा बांधून पांढरकवड्याहून नागपूरला दीडशे किलोमीटर जाताना हिमालयन गिअर न बदलता चढ चढते. एक्सपल्सला खाली गिअर टाकावा लागतो आणि हाताला झिणझिण्या येतात. ज्याच्या मागे नेहमी कोणीतरी बसतं, त्याने हा परिच्छेद दोनदा वाचावा.

पेट्रोलचा हिशेब: हिमालयनची टाकी १५ लिटर, ॲव्हरेज तिशीच्या आसपास. एक्सपल्सची १३ लिटर, ॲव्हरेज चाळीसच्या आसपास. आलापल्लीच्या पुढे भामरागडकडे जाताना दोन्हींवर निश्चिंत राहता येतं. रोजच्या वापरात मात्र एक्सपल्स महिन्याला खिशात पैसे ठेवते.

उन्हाळा विसरू नका. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४७ च्या पुढे गेलेला आहे आणि यवतमाळ काही थंड हवेचं ठिकाण नाही. हिमालयन एअर-कूल्ड असून तिला ऑइल कूलर आहे. एक्सपल्सचं २०१९ चं पहिलं मॉडेल नुसतं एअर-कूल्ड होतं, ऑइल कूलिंग २०२० च्या बीएस-६ पासून आलं. म्हणून स्वस्तात मिळते म्हणून २०१९ ची घेण्यापेक्षा थोडे पैसे घालून पुढची घ्या. फोर-व्ही ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, माझ्या मते जुन्यात घेण्यासारखी तीच.

हिमालयनचंही साल पाहून घ्या. २०१६ ला आलेल्या कार्बुरेटरवाल्या बीएस-३ गाड्यांबद्दल तेव्हा खूप तक्रारी होत्या. किंमत कितीही गोड असली तरी मी त्या वाटेला जाणार नाही. २०१७ ला फ्युएल इंजेक्शन आलं, २०१८ ला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), आणि २०२० च्या बीएस-६ मध्ये मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय आली. ही सोय गिट्टीच्या उतारावर फार कामाची आहे, कारण सैल खडीवर एबीएस मागचा ब्रेक सोडत राहतं आणि गाडी थांबत नाही. एक्सपल्सला एबीएस फक्त पुढच्या चाकाला असल्याने मागचं चाक तुमच्या पायात राहतं. २०२१ ते २०२३ ची हिमालयन ही त्या इंजिनाची सर्वात पक्की अवस्था. २०२३ च्या नोव्हेंबरात ४५२ सीसीची नवी आली, ४० पीएस ताकदीची. पण ती अजून दीड लाखात बसायची नाही.

इथे तिसरी गाडी आणावीच लागते, बाभळीच्या काट्यामुळे. हिमालयन ४११ आणि एक्सपल्स दोन्हींना स्पोकची चाकं आणि ट्यूब. काटा घुसला की चाक काढा. गावातला पंक्चरवाला ते करतो, पण २१ इंची ट्यूब त्याच्याकडे नसते. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २५० ही २०२२ ला आलेली गाडी आलॉय आणि ट्यूबलेस आहे. पंधरा मिनिटांत धाग्याने पंक्चर स्वतः काढता येतो. इंजिन ऑइल-कूल्ड, २६.५ पीएस, अतिशय शांत आणि न कुरकुरणारं. ज्याच्या घरापर्यंत डांबर किंवा सिमेंट आहे आणि ज्याला महिन्यातून चारदा अमरावती-नागपूर करावं लागतं, त्याने हिमालयन आणि एक्सपल्स दोन्ही सोडून ही पाहावी, असं मी मनापासून सांगेन. भाच्याला मी ती सुचवली नाही, कारण पुढे १९ इंची चाक, त्याला लागून मडगार्ड, आणि एबीएस बंद करता येत नाही. त्याची पांदण तिला मानवणार नाही.

केटीएम ३९० ॲडव्हेंचर जोरात सगळ्यांच्या पुढे आहे. ४३.५ पीएस, चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल, क्लच न दाबता गिअर बदलणारा क्विकशिफ्टर, सगळं आहे. पण सीट ८५५ मिलिमीटर, मे महिन्यात रेडिएटरचा पंखा पायांवर गरम हवा सोडतो, आणि आधीच्या मालकाने ती कशी पिळली आहे हे बाहेरून कळत नाही. सर्व्हिसच्या पावत्या पूर्ण असतील आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्याच्या गावी असेल तरच. बीएमडब्ल्यू ३१० जीएसची टाकी ११ लिटरची आणि सर्व्हिस मोठ्या शहराची. खेड्यातल्या माणसाने तिच्यात वेळ घालवू नये.

सर्व्हिसचा मुद्दा मी शेवटी लिहीत असलो तरी निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो. हिरोचं दुकान तालुक्याला आहे. क्लच प्लेट, केबल, एअर फिल्टर तिथे मिळतात, आणि स्प्लेंडर खोलणारा मिस्त्री एक्सपल्सला घाबरत नाही. हिमालयनसाठी रॉयल एनफिल्डचं शोरूम गाठावं लागतं. ते आता बऱ्याच गावांत आहे, पण सोयाबीन काढणीच्या दिवसांत गाडी दोन दिवस तिथे सोडणं जमेल का, हे ज्याचं त्याने पाहावं.

आता प्रत्यक्ष गाडी पाहताना. आमच्या मिस्त्रीचं पहिलं वाक्य ठरलेलं: "पह्यले थंड इंजिनवर हात ठेव. गरम असंन त चाय पिऊन वापस ये." गरम करून ठेवलेलं इंजिन आपला आवाज लपवतं. नंतर हिमालयन मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडलं तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) गेला. हिमालयनचं हे जुनं, माहीत असलेलं दुखणं आहे. दुरुस्त होतं, पण किमतीत वळती करून घ्या. दोन्ही गाड्यांचे स्पोक पान्याने एकेक वाजवून पाहा. घट्ट असलेला टणत्कार करतो, सैल असलेला बद्द वाजतो. फोर्कच्या नळ्यांवर तेलाची ओल, इंजिनाखालच्या संरक्षक बॅश प्लेटला पडलेले पोचे, ब्रेक डिस्कच्या कडेला आलेली धार, हे सगळं मीटरवरच्या आकड्यापेक्षा खरं बोलतं. एअर फिल्टर उघडायला लावा. फिल्टरच्या आतल्या, स्वच्छ असायच्या बाजूला धूळ दिसली तर ती गाडी सोडा, ती धूळ सिलिंडरमध्ये गेलेली आहे. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. गाडी पावसाळाभर उभी असेल तर टाकीत टॉर्च मारून गंज पाहा. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत ते साचतं.

कागदांत मी स्वतः एकदा फसलो आहे. आरसीवर फायनान्सचा बोजा होता, विकणारा म्हणाला कर्ज फिटलं, मी विश्वास ठेवला. बोजा उतरवायला सात महिने गेले आणि तोवर गाडी माझ्या नावावर झाली नाही. आता मी बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देत नाही. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. ई-चलान बाकी आहे का ते पाहा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. २०२० ची गाडी असेल तर तिचा नवी घेतानाचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा संपलेला असणार. १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का तेही विचारा.

आपल्या सीमेवरच्या लोकांसाठी एक वेगळं सांगणं. आदिलाबादकडून तेलंगणाच्या टीएस ०१ नंबरची गाडी स्वस्तात येते. ती घेतली तर तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने. तो टॅक्स मिळवल्यावर गाडी स्वस्त राहते का, हे कागदावर लिहून पाहा. बहुतेक वेळा राहत नाही.

भाव ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांचा ४० टक्के झाला. नवी स्वस्त झाली की जुनीही खाली यायला हवी, म्हणून एक्सपल्स आणि व्ही-स्ट्रॉम विकणारा २०२४ च्या हिशेबाने भाव सांगत असेल तर ऐकू नका. हिमालयनच्या बाबतीत हे उलट लागू होतं, तिथे विकणाऱ्याची बाजू थोडी वर आहे.

भाच्याला मी वणीची एक्सपल्स सांगितली. लडाखला ती हळू जाईल, पण जाईल. उरलेल्या पैशांत चेन सेट, दोन टायर, हँड गार्ड आणि २१ इंची एक जादा ट्यूब. लग्न ठरलं असतं आणि मागे कायम कोणी बसणार असतं, तर मी नागपूरचीच सांगितली असती. रविवारी सकाळी सातला आम्ही दोघं वणीला जातोय. मालकाला फोन करून विनंती केली आहे की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.