हरळी की मेक्सिकन कार्पेट?

मार्च संपता संपता आमच्या मुलुंडच्या सोसायटीत लॉनला कोणतं गवत लावायचं यावरून वाद ठरलेलाच. मेक्सिकन कार्पेट म्हणजे अगदी गालिचा. सावकाश वाढतं, मशीन कमी फिरवावं लागतं, इमारतीची थोडी सावलीही चालते. पण एकदा करपलं की टक्कल भरायला महिने जातात.

हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो तीच दूर्वा, सावलीत विरळ होते आणि सारखी कापावी लागते. मात्र पाणीकपातीत तपकिरी पडली तरी जमिनीखालच्या खोडांतून पुन्हा फुटते. उघड्या उन्हात माझं मत तिलाच.

पाणी सकाळी, आठवड्यातून दोन-तीनदा, मातीत स्क्रू ड्रायव्हर 4 इंच सहज रुतेल इतकं. रोज संध्याकाळी नुसतं शिंपडलं की मुळं वरच राहतात, शिवाय आपल्या दमट हवेत बुरशी.